शुगरची प्रत्येक गोळी ‘जेवणाआधी अर्धा तास’ नसते

“शुगरची गोळी ना? रिकाम्या पोटी, जेवणाआधी अर्धा तास!” घरोघरी वर्षानुवर्षं हेच सांगितलं जातं. पण हा नियम सगळ्या गोळ्यांना लागू नाही, आणि काही वेळा तो जिवावर बेततो.

ग्लिमेपिराइडचंच बघा. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. पोटात अन्न आहे की नाही, याच्याशी तिला देणंघेणं नाही. सकाळी सातला गोळी, मग आंघोळ, पूजा आणि नाश्ता साडेनऊला. मधल्या वेळात शुगर फार उतरते, हात थरथरतात, दरदरून घाम फुटतो, म्हातारं माणूस चक्कर येऊन पडतं. म्हणून ती नाश्ता समोर आल्यावरच घ्यायची. एकादशीला जेवण टळणार असेल, तर डोसचं काय करायचं हे डॉक्टरांना आदल्या दिवशीच विचारा.

मेटफॉर्मिन जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर, नाहीतर मळमळ, जुलाब. सिटाग्लिप्टिनला जेवणाचं बंधन नाही.

व्होग्लिबोज मात्र जेवायला बसतानाच, कारण ती आतड्यात पिष्ट पदार्थांचं पचन लांबवते. आणि हे फार थोड्यांना ठाऊक असतं: ही गोळी चालू असताना शुगर फार उतरली, तर चमचाभर साखरेने लवकर भागत नाही, कारण साखरेचं पचनही लांबलेलं असतं. तिथे ग्लुकोज पावडरच लागते. घरात आणि पर्समध्ये ती ठेवाच.

सकाळची राहिली म्हणून रात्री दोन घेऊ नका. एकाच गोळीत बऱ्याचदा दोन-तीन औषधं असतात, तेव्हा आजच स्ट्रिपवरची नावं वाचा आणि प्रत्येकाची वेळ डॉक्टरांकडून लिहून घ्या.