स्वस्त आयशॅडो, महाग आयशॅडो: फरक नेमका कुठे असतो?

तपकिरी रंगाच्या दोन आयशॅडो घ्या, एक स्वस्त आणि एक महाग. दोन्हींच्या पाठीवरची घटकांची यादी शेजारी शेजारी ठेवून वाचा. बहुतेक वेळा तीच नावं दोन्हीकडे निघतात. टाल्क म्हणजे शंखजिरं, मायका म्हणजे अभ्रक, मॅग्नेशियम स्टिअरेट, डायमेथिकोन नावाचं सिलिकोन, आणि शेवटी सीआय (कलर इंडेक्स, म्हणजे रंगांची आंतरराष्ट्रीय यादी) ७७४९१, ७७४९२, ७७४९९ असे काही आकडे. हे आकडे म्हणजे लाल, पिवळं आणि काळं आयर्न ऑक्साइड. या तिघांत सीआय ७७८९१, म्हणजे पांढरंशुभ्र टायटॅनियम डायऑक्साइड, कमीजास्त मिसळलं की तपकिरी, विटकरी आणि त्वचेच्या रंगाच्या असंख्य छटा तयार होतात. यातलं काहीच दुर्मिळ नाही. भिंतींच्या रंगांतही हीच द्रव्यं वापरतात.

तरीही बोट फिरवलं की एक आयशॅडो मऊ लागते आणि एकसारखी पसरते, तर दुसरी खडूसारखी कोरडी, ठिकठिकाणी फिकी. यादी सारखी असताना हा फरक येतो कुठून?

यादीत तो सापडणारच नाही, कारण ती तेवढं सांगायला बांधलेलीच नसते. नियम साधारण असा आहे की १ टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहायचे, त्याखालचे हव्या त्या क्रमाने, आणि रंग सगळ्यांत शेवटी, तेही हव्या त्या क्रमाने. त्यामुळे रंगद्रव्य ५ टक्के आहे की ३० टक्के, ते कळत नाही. कण किती बारीक केले, त्यांच्यावर कसला लेप चढवला, पावडर किती दाबाने दाबली, यातलं बहुतेक काही त्यात थेट लिहिलेलं नसतं. पावडरच्या मेकअपमध्ये खर्च होतो तो नेमका या तीन गोष्टींवर.

आयर्न ऑक्साइडचे मूळ कण एका मायक्रॉनपेक्षाही (मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही) लहान असतात, पण ते एकमेकांना चिकटून गुठळ्या करतात. या गुठळ्या फोडण्यासाठी मिश्रण गिरणीतून पुन्हा पुन्हा काढावं लागतं. घाई केली तर उरलेल्या गुठळ्या थेट पापणीवर फुटतात. ब्लेंड करताना मध्येच गडद ओरखडा उमटतो तो त्यामुळेच. दुसरी गोष्ट लेपाची. नुसतं आयर्न ऑक्साइड तेलात आणि त्वचेवर नीट बसत नाही, म्हणून चांगल्या पावडरीत प्रत्येक कणावर सिलेन किंवा अमिनो आम्लापासून बनवलेल्या द्रव्याचा अतिशय पातळ थर देतात. असा कण त्वचेला धरून राहतो आणि घसरतोही सहज. यादीत 'ट्रायएथॉक्सिकॅप्रिलिलसिलेन' असं लांबलचक नाव किंवा 'लॉरॉइल लायसिन' दिसलं, तर हा खर्च केलेला असण्याची बरीच शक्यता असते. तिसरी गोष्ट दाबाची. दाब कमी पडला तर ब्रश लावताच भुगा गालावर सांडतो, जास्त झाला तर पावडर दगड होते आणि काही दिवसांनी वर चकचकीत कडक थर धरते.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर एक साधं भिंग पुरे. दोन मॅट, म्हणजे चमक नसलेल्या, तपकिरी छटा मनगटाच्या आतल्या बाजूला, बोटाने एकदाच ओढून लावा. त्वचा गुळगुळीत दिसली तरी भिंगाखाली ती चौकटीचौकटीची दिसते, बारीक रेघांचं जाळं आणि मधे छोटे उंचवटे. खराब दळलेली छटा त्या रेघांत साचलेली दिसते आणि उंचवटे निम्मे कोरे राहतात. चांगली छटा दोन्हींवर सारखी बसते. मग त्यावर पारदर्शक चिकटपट्टी हलकेच दाबून उचला आणि पांढऱ्या कागदावर चिकटवा. पट्टीवर किती रंग आला यावरून त्वचेवरची पकड कळते.

शिमरची, म्हणजे चमकणाऱ्या छटांची, गोष्ट मात्र वेगळी, आणि मला ती फार आवडते. शिमरमधली चमक बहुतेक वेळा अभ्रकाच्या पातळ पापुद्र्यांची असते. त्या पापुद्र्यावर टायटॅनियम डायऑक्साइडचा थर चढवतात. थर साधारण ५० नॅनोमीटरचा असला की चमक चंदेरी दिसते. तो जाड करत नेला की तीच चमक सोनेरी, लालसर, निळी आणि शेवटी हिरवी होते. रंगद्रव्य तेच, बदलते फक्त जाडी. थराच्या वरून आणि खालून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळून काही रंग वाढवतात, काही मारतात. साबणाच्या फुग्यावरचे रंग असेच तयार होतात. हे पापुद्रे मेकअप कंपन्या सहसा स्वतः बनवत नाहीत, रंगद्रव्यांच्या कारखान्यांतून तयार घेतात. शिवाय ते मुळातच सपाट आणि घसरते असल्याने त्वचेवर आपोआप नीट बसतात. म्हणून स्वस्त पॅलेटमधले (अनेक छटांच्या डबीतले) शिमर बरेचदा झकास निघतात आणि त्याच पॅलेटमधल्या मॅट छटा निराशा करतात. पॅलेटची परीक्षा घ्यायची तर मॅटवर घ्यावी.

लिपस्टिकमध्ये अंतर कमी होतं. तिचा सांगाडा मेणाचा असतो. कार्नोबा मेण ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळतं, मधमाशांचं मेण ६२ ते ६४ अंशांना. कठीण आणि मऊ मेणांचा मेळ असा घालायचा की कांडी उभी राहावी, पण ओठांवर फिरवताच रंग सुटावा. रंग बहुधा एरंडेलात घोटतात, त्यासाठी तीन रुळांचं यंत्र वापरतात. हे तंत्र जुनं आहे आणि सगळ्यांच्या हातात आहे. मिश्रण नीट थंड केलं नाही तर कांडी रवाळ लागते, आणि उष्णतेत मेणाच्या जाळीतून तेल बाहेर येऊन तिच्यावर थेंब दिसतात, पण हे महाग कांडीलाही होतं. दिवसभर टिकणाऱ्या लिक्विड लिपस्टिकमध्ये तर बरेचदा एकच जोडी काम करते: उडून जाणारं आयसोडोडेकेन आणि मागे पातळ पडदा सोडणारं सिलिकोनचं रेझिन. किंमत कितीही असो, ओठ कोरडे तसेच पडतात.

मस्कारात मिश्रणाइतकंच महत्त्व ब्रशला असतं. मस्कारा उघडल्यावर ३ ते ६ महिन्यांत बदलायचाच असतो, त्यामुळे त्यावर जास्त पैसे घालणं मला पटत नाही.

फाउंडेशनमध्ये मी दर्जाइतकीच छटा पाहते. झाकण्याची ताकद टायटॅनियम डायऑक्साइडची, आणि ते पांढरं. गडद त्वचेसाठीच्या छटेत ते जास्त पडलं की चेहरा राखाडी दिसतो. अशी छटा जमवायला आयर्न ऑक्साइडचं प्रमाण पुन्हा पहिल्यापासून बसवावं लागतं, आणि हे कष्ट घेतलेत की नाही ते किमतीवरून कळत नाही. लावल्यावर तासाभरात फाउंडेशन गडद झालं की 'ऑक्सिडाइज झालं' म्हणतात, पण लाल आयर्न ऑक्साइड आधीच पूर्ण ऑक्सिडाइज झालेलं असतं. उडून जाणारं सिलिकोन निघून जातं, त्वचेचं तेल रंगकणांना भिजवतं आणि प्रकाश कमी विखुरतो, म्हणून रंग गडद दिसतो. तेव्हा छटा लावून ताबडतोब ठरवू नका, तासभर थांबा.

हे सगळं माहीत असूनही किंमत आपल्या डोळ्यांवर परिणाम करते. २००८ साली हिल्के प्लासमन आणि सहकारी संशोधकांनी स्वयंसेवकांना एकच वाइन एकदा १० डॉलरची आणि एकदा ९० डॉलरची सांगून चाखायला दिली. महाग सांगितलेली जास्त आवडली, आणि सुखद अनुभवाशी निगडित असलेला मेंदूचा भागही त्या वेळी जास्त सक्रिय दिसला. जड डबी, झाकणाचा चुंबकी टक आवाज आणि मंद सुगंध हेच काम करतात, आणि तो आनंद खोटा नाही. मात्र दर्जा तपासताना डबी बाजूलाच ठेवायला हवी.

त्यासाठी दुसऱ्या कुणाकडून छटा हातावर लावून घ्या, प्रत्येकीला आकडा द्या आणि यादी त्या व्यक्तीकडेच राहू द्या. प्रमाण सारखं, खाली प्रायमर (मेकअपआधी लावायचा थर) नाही, आणि खिडकीजवळच्या एकाच उजेडात फोटो, लगेच आणि सहा तासांनी. उघडून फार दिवस झालेली वस्तू नव्याशी जोडू नका. मी असं केलं तेव्हा लिक्विड लिपस्टिक आणि शिमर यांत महाग कोणती ते मला सांगता आलं नाही. मॅट छटा पटकन ओळखू आल्या.

स्वस्त आणि महाग, दोन्ही वर्गांमागे बरेचदा एकच कंपनी असते, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. महागडं लाँकोम १९६४ पासून आणि स्वस्त मेबेलिन १९९६ पासून लोरेआल या एकाच कंपनीकडे आहे. एका ठिकाणी झालेलं संशोधन काही काळाने दुसऱ्या ठिकाणी उतरतं. अस्सल स्वस्त वस्तू ही धास्ती घेण्याची गोष्ट नाही. शिशाची भीती सारखी घातली जाते, पण अमेरिकेच्या एफडीए या अन्न आणि औषध नियामक संस्थेने ४०० लिपस्टिक तपासल्या तेव्हा सरासरी १.११ पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) शिसं आढळलं, सर्वाधिक ७.१९, आणि त्यांनीच सुचवलेली मर्यादा १० पीपीएम आहे. हे शिसं खनिज रंगद्रव्यांतल्या अंशमात्र अशुद्धीतून येतं.

खरा धोका महागड्या नावाच्या बनावट मालात आहे. त्यात मर्यादेपलीकडे शिसं आणि जिवाणूही सापडलेले आहेत, आणि पाठीवरची यादी मूळ डबीवरून नक्कल केलेली असल्याने तिच्यावरून काहीच ओळखता येत नाही. नामांकित पॅलेट न पटण्याइतकी स्वस्त मिळत असेल, बॅच क्रमांक खोडलेला असेल किंवा डबी आणि खोक्यावरचे क्रमांक जुळत नसतील, तर ती डोळ्यांना आणि ओठांना लावू नका.