कातड्याचं वय, शाईचं वय

बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या संग्रहात कुराणाची दोन चर्मपत्रं कित्येक वर्षं भलत्याच सोबतीत पडून होती. इराकमध्ये जन्मलेल्या अल्फोन्स मिंगाना यांनी 1920 च्या दशकात हस्तलिखितं जमवली, त्यांतली ही. खर्च एडवर्ड कॅडबरी यांचा (होय, चॉकलेटवाल्या घराण्यातलेच). ही पानं दुसऱ्याच एका कुराणाच्या पानांबरोबर बांधली गेली होती. अल्बा फेदेली या संशोधिकेच्या नजरेला ती वेगळी वाटली. मग चर्मपत्राचा कपटा ऑक्सफर्डला तपासणीसाठी गेला आणि जुलै 2015 मध्ये निकाल जाहीर झाला: इ.स. 568 ते 645, शक्यता 95.4 टक्के.

मुहम्मद पैगंबरांचा काळ साधारण 570 ते 632. साहजिकच बातम्यांना ऊत आला. कुणी म्हणालं, लिहिणाऱ्यानं पैगंबरांना पाहिलं असेल. कुणी त्याच आकड्यांवरून कुराण पैगंबरांच्याही आधीचं ठरवलं. दोघांनीही एक साधी गोष्ट नजरेआड केली. तपासलं होतं ते कातडं.

चरणारं जनावर गवतातून कार्बन-14 पोटात घेत असतं. ते मेलं की आवक बंद, आणि असलेला साठा हळूहळू घटू लागतो. 5730 वर्षांत तो निम्म्यावर येतो; चौदाशे वर्षांनंतर सुमारे 84 टक्के उरतो. म्हणजे यंत्र सांगतं ते जनावर मेलं कधी, लेखणी चालली कधी हे नव्हे. शिवाय हवेतला कार्बन-14 दरवर्षी सारखा नसतो, झाडांच्या खोडातल्या वार्षिक वर्तुळांशी ताडून हिशेब बसवावा लागतो. उत्तर एका सालात न येता 77 वर्षांच्या पट्ट्यात येतं ते त्यामुळेही.

आता पानच जवळून पाहू. लिपी हिजाझी, म्हणजे अरबी लिपीचं एक जुनं वळण; उंच दांड्या उजवीकडे कललेल्या. बा, ता, नून या अक्षरांना वेगळं करणारे नुक्ते (ठिपके) मोजकेच, स्वरचिन्हं नाहीत. नवख्याला हे वाचताच येणार नाही. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ नसतं, तरी सरावलेला माणूस अडत नाही. इथे तर वाचणाऱ्याला मजकूर आधीच पाठ असे. कागद आठवण करून देण्यापुरता. कागद तरी कुठला म्हणा! परंपरा सांगते की सुरुवातीला आयती (कुराणातली वचनं) खजुराच्या फांद्यांवर, सपाट दगडांवर, उंटाच्या खांद्याच्या हाडांवर टिपलेल्या होत्या. 650 च्या सुमारास खलिफा उस्मान यांनी झैद इब्न साबित यांच्या हाताखाली प्रमाण प्रत करवून ती शहराशहरांत धाडली आणि बाकीच्या प्रती नष्ट करायला सांगितलं.

त्या बाकीच्या प्रतींत काय होतं? याचं थोडंसं उत्तर येमेनमध्ये मिळालं. 1972 मध्ये साना इथल्या मोठ्या मशिदीच्या दुरुस्तीत छत आणि छपराच्या मधल्या पोकळीत जुन्या पानांचा ढीग सापडला. जीर्ण कुराण केरात टाकायचं नाही, म्हणून कुणीतरी ते जपून ठेवलेलं. त्यातल्या काही पानांवर लिखाणाचे दोन थर निघाले. कातडं महाग, तेव्हा आधीचा मजकूर पुसून वर नवा लिहिलेला. पण शाईतला धातू कातड्यात मुरून राहतो. अतिनील प्रकाशात चर्मपत्र उजळतं आणि पुसलेली अक्षरं काळसर उमटतात.

वरचा मजकूर उस्मानी प्रतीचा, आजचाच. खालचाही कुराणाचाच, मात्र सुरांचा, म्हणजे अध्यायांचा, क्रम निराळा; कुठे एखादा शब्द कमी-जास्त, कुठे त्याच अर्थाचा दुसरा शब्द. काहींना हा स्फोटक शोध वाटला. मला तसं वाटत नाही. इब्न मसऊद आणि उबय इब्न काब या पैगंबरांच्या साथीदारांच्या प्रती वेगळ्या होत्या, हे मुस्लिम विद्वानांनीच जुन्या ग्रंथांत नोंदवून ठेवलंय. ऐकीव होतं ते साना इथे डोळ्यांनी दिसलं, एवढंच. आणि तेही काही थोडं नाही.

बर्मिंगहॅमच्या पानांचं पुढे काय झालं? पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात त्याच हस्तलिखिताची 16 पानं आहेत. तिथल्या पानांत मधला जो भाग गहाळ आहे, नेमका त्यातलाच काही मजकूर बर्मिंगहॅमच्या पानांवर आहे.