हवामानचिंता आणि सजग राहणी

हवामानबदलाच्या जाणिवेतून मनात घर करून राहणारी काळजी, हुरहुर, दुःख आणि असहायता यांना मिळून हवामानचिंता म्हणतात. मानसिक आजारांच्या प्रचलित वर्गीकरणांत तिची स्वतंत्र आजार म्हणून नोंद नाही, आणि ते योग्यच आहे; समोर खरोखर उभ्या असलेल्या संकटाची काळजी वाटणे हे मन ठिकाणावर असल्याचेच लक्षण आहे. तिच्यामुळे झोप, अभ्यास, कामधंदा किंवा घरातले बोलणे-चालणे बिघडू लागले की मात्र तिची दखल घ्यावी लागते. अन्न, पाणी, वीज आणि वस्तू यांचा वापर लक्षपूर्वक व बेताने करत ही काळजी पेलण्याची जी रीत आहे, तिला सजग राहणी म्हणता येईल. या रीतीचे बळ आणि तिच्या मर्यादा इंदूरमध्ये, विशेषतः तेथील मराठी घरांत, चांगल्या पाहायला मिळतात.

डिसेंबर २०२१ मध्ये ‘द लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या पाहणीत भारतासह १० देशांतील १६ ते २५ वयाच्या १०,००० तरुणांना हवामानबदलाविषयी विचारले होते. त्यांपैकी ५९ टक्क्यांना अतिशय किंवा कमालीची चिंता वाटत होती, आणि ४५ टक्क्यांहून अधिक जणांनी तिचा रोजच्या जगण्यावर वाईट परिणाम होत असल्याचे सांगितले. वडीलधाऱ्यांची व्यथा थोडी निराळी असते. ऑस्ट्रेलियातील हंटर खोऱ्यात उघड्या कोळसा खाणींनी गावांभोवतीचा मुलूख पालटला, तेव्हा तेथील लोकांच्या दुःखाला ग्लेन अल्ब्रेक्ट या तत्त्वज्ञांनी ‘सोलास्टॅल्जिया’ असे नाव दिले. घर न सोडताच घराला पारखे होणे, असा त्याचा आशय आहे. इंदूरकरांना तो समजावून सांगावा लागत नाही. ‘डग-डग रोटी, पग-पग नीर’ ही माळव्याची म्हण लहानपणापासून ज्यांच्या कानांवर पडली आणि ‘शब-ए-मालवा’ म्हणून नावाजलेल्या गार रात्री ज्यांनी गच्चीवर अंथरुणे टाकून काढल्या, त्यांना उन्हाळ्यात कोरडा पडलेला बोअर पाहताना केवळ पाण्याचीच उणीव जाणवत नाही.

सजगता म्हणजे चालू क्षणी जे घडते आहे त्याकडे, चांगले-वाईट न ठरवता, लक्ष देणे. बौद्ध ध्यानपरंपरेतील हे तत्त्व जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात ताणतणावावरील उपचारासाठी वापरले. हवामानाची चिंता दूरच्या, अनिश्चित आणि हाती न लागणाऱ्या गोष्टींभोवती फिरत राहते. अशा वेळी जवळचे, ठरावीक आणि पुरे करता येण्याजोगे काम हाती असले की मनाला टेकायला जागा मिळते.

इंदूरमध्ये असे काम रोज सकाळी दारात येते. ओट्याखालच्या एका डब्यात दुध्याची साले, चहाचा चोथा, कोथिंबिरीच्या काड्या. दुसऱ्यात धुऊन वाळवलेली दुधाची पिशवी. बाजूला कागदात गुंडाळून ठेवलेले संपलेले सेल. कचरागाडीचे गाणे ऐकू आले की हे सगळे घेऊन कोणीतरी फाटकाशी जाते आणि गाडीच्या निरनिराळ्या कप्प्यांत टाकते. ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घरगुती घातक आणि इलेक्ट्रॉनिक असे सहा प्रकार येथे घरातच वेगळे केले जातात. २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात, म्हणजे शहरांच्या स्वच्छतेच्या सरकारी क्रमवारीत, हे शहर सतत अग्रभागी राहिले, त्यामागे ही सवय आहे. ओला कचरा ढिगाऱ्यात हवेवाचून कुजला की मिथेन वायू सुटतो आणि शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो. देवगुराडिया येथे फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पात तोच वायू बंद टाक्यांत पकडून त्यापासून बायो-सीएनजी, म्हणजे वाहनांत वापरता येणारे वायुरूप इंधन, तयार करतात. दिवसाला ५५० टन ओला कचरा आणि सुमारे १७,००० किलो इंधन अशी या प्रकल्पाची क्षमता असून त्यावर शहरातील बसगाड्या धावतात. सकाळी टाकलेल्या सालीचा बसपर्यंतचा हा माग डोळ्यांना दिसतो, आणि काळजीने ग्रासलेल्या माणसाला अशा दिसणाऱ्या मागाचा फार आधार होतो.

पाण्याचेही तसेच आहे. इंदूरला नर्मदेचे पाणी १९७८ पासून मिळते. ते नर्मदाकाठच्या जलूद येथून सुमारे ७० किलोमीटर अंतर कापून, काही शे मीटर उंच चढवून आणावे लागते. त्यामुळे या शहरात उघडा राहिलेला नळ विजेचाही अपव्यय करतो. हा विजेचा भार कमी करण्यासाठी महापालिकेने फेब्रुवारी २०२३ मध्ये २४४ कोटी रुपयांचे हरित रोखे (पर्यावरणपूरक कामांसाठी लोकांकडून घेतलेले कर्ज) काढले आणि जलूदलाच ६० मेगावॅटचा सौर प्रकल्प हाती घेतला.

मराठी घरांत बेताने राहण्याच्या सवयी जुन्याच आहेत. नऊवारीची गोधडी होते, उरलेल्या पोळीचा कुस्करा होतो, तांदूळ धुतलेले पाणी कढीपत्त्याला जाते, शाडूच्या गणपतीचे विसर्जन बादलीत होऊन ती माती कुंडीत पडते. मात्र या काटकसरीचे श्रम बहुतेक घरांत बाईनेच उपसले, हे विसरता कामा नये. नव्या राहणीतला कचरा निवडण्याचा, पिशव्या धुण्याचा भारही तिच्याच माथी पडला, तर घरातल्या एकाची चिंता हलकी होऊन दुसरीची वाढते.

दुसरी मर्यादा अपराधीपणाची आहे. चुकून प्लास्टिकच्या पिशवीतून भाजी आणली म्हणून दिवसभर स्वतःला कोसणे ही सजगता नव्हे. स्वीडनमधील मानसशास्त्रज्ञ मारिया ओयाला यांनी शाळकरी मुलांचा अभ्यास केला, तेव्हा नुसत्या उपाय करण्यावर भर देणाऱ्या मुलांमध्ये पर्यावरणाविषयीची कृतिशीलता दिसली, पण उदासीही दिसली. परिस्थितीत आशेला जागा कुठे आहे हे ज्यांना शोधता आले, ती मुले अधिक सुस्थिर होती. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांच्या पाहणीतही चिंता आणि नैराश्य यांचे नाते सामूहिक काम करणाऱ्यांमध्ये सैल आढळले, एकेकट्याने करणाऱ्यांमध्ये नाही. इंदूरचा सिरपूर तलाव याची साक्ष देतो. होळकरांच्या काळातील हा तलाव अतिक्रमण आणि सांडपाणी यांनी खंगत चालला होता. छायाचित्रकार आणि चित्रकार पद्मश्री भालू मोंढे व त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे चिकाटीने त्याची पाठराखण केली, आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. हिवाळ्यात तेथे पाहुण्या बदकांचे थवे उतरतात. दुर्बीण घेऊन काठावर तासभर शांत बसणे हाही या राहणीचाच भाग आहे, कारण प्रेम असल्याखेरीज जपणे टिकत नाही.

घरात मुलांशी बोलणे हा सर्वांत नाजूक भाग होय. ‘आजी, मी मोठी होईपर्यंत नर्मदेला पाणी राहील ना गं?’ या प्रश्नाला ‘काही होत नाही’ असे म्हटले की मुलगी पुन्हा विचारत नाही आणि काळजी एकटीच वाहते. तिचे ऐकून घ्यावे, आपल्यालाही काळजी वाटते हे कबूल करावे आणि लोक काय काय करत आहेत ते तिला नेऊन दाखवावे. झोप उडणे, जेवणावरची वासना जाणे, सतत निराश वाटणे असे काही आठवडे चालले, तर राहणी बदलून भागत नाही. अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे किंवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू असलेल्या ‘टेली-मानस’ या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. ही सेवा चोवीस तास आणि निःशुल्क उपलब्ध आहे.