बीज गोठवणं वेगळं, अंडाशयाचा तुकडा जपणं वेगळं

कॅन्सर झालेल्या मुलीला केमो द्यायच्या आधी, पुढे तिला मूल होता यावं म्हणून अंडाशयाचा भाग काढून ठेवू, असं डॉक्टर म्हणाले की आपल्याकडची आई घाबरून विचारते, "लेकीची पिशवी काढायलेत का?" तिची भीती उगीच नाही. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण इतकं वाढलं की २०१९ मध्ये सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. इथे मात्र गर्भपिशवीला हातही लागत नाही.

गोंधळ आणखी एक होतो. 'बीज गोठवणं' या एकाच नावाखाली लोक दोन वेगळे उपाय धरतात.

स्त्रीबीजं गोठवायची तर आधी ती पिकवावी लागतात. साधारण १० ते १४ दिवस रोज हार्मोनचं इंजेक्शन, मधूनमधून सोनोग्राफी, मग सुईने बीजं ओढून घेणं. हे पाळीच्या कुठल्याही दिवशी सुरू करता येतं. सुई सहसा योनीमार्गातून घालतात. अविवाहित मुलीच्या घरचे इथेच अडतात. पोटावरूनही बीजं काढता येतात, तेव्हा संकोच न करता विचारावं. पण जिला अजून पाळीच आली नाही, तिच्यासाठी हा रस्ता नाही.

तिच्यासाठी दुसरा आहे. भूल देऊन, दुर्बिणीतून एका अंडाशयाचा तुकडा किंवा ते पूर्ण अंडाशय काढतात. मुलगी जन्मते तीच लाखो कच्ची बीजं घेऊन, आणि ती अंडाशयाच्या वरच्या थरात असतात. त्या थराच्या पातळ पट्ट्या उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवतात. जनावरांच्या दवाखान्यात रेतनाच्या कांड्या ज्यात असतात, तोच नायट्रोजन. इंजेक्शनं लागत नाहीत, काही दिवसांत केमो सुरू करता येते. आजार बरा झाल्यावर, मूल हवं तेव्हा पट्ट्या परत बसवतात. काही महिन्यांत त्या काम करू लागतात आणि नैसर्गिकरीत्याही दिवस राहू शकतात. अशा पट्टीतून पहिलं बाळ २००४ मध्ये बेल्जियममध्ये जन्मलं.

यश दोन्हींत हमखास नाही. रक्ताच्या कॅन्सरमध्ये तर जास्त जपावं लागतं. पट्टीत कॅन्सरच्या पेशी दडलेल्या असल्या तर त्याही परत शरीरात जातील.

केमोची काही औषधं आणि ओटीपोटावरचं रेडिएशन ही कच्ची बीजं जाळून टाकतात. म्हणून संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात असा, लातूरला असा की मुंबईला, "हिला पुढे मूल होईल का, आधी काय करता येईल?" हे पहिलं सलाईन लागायच्या आधी विचारा. डॉक्टरांनी विषय काढायची वाट बघू नका.