टीईई आणि आयसीई: दोन्ही 'आतून एको', पण एक नव्हे

हृदयाच्या गळक्या झडपेच्या पाकळ्या एकमेकींना धरून ठेवणारी क्लिप जांघेतल्या शिरेतून लावायचं ठरलं, की नातेवाइकांना सांगितलं जातं, 'आतून एको (ध्वनिलहरींनी काढलेलं हृदयाचं चित्र) बघत बघत करू.' हे 'आतून' दोन वाटांनी होतं. टीईई (ट्रान्सइसोफेजियल एको) मध्ये साधारण बोटाएवढी जाड नळी तोंडातून अन्ननलिकेत उतरवतात. आयसीईची (इंट्राकार्डियाक एको) नळी ८ ते १० फ्रेंचची, म्हणजे सुमारे ३ मिलिमीटर जाड. ती जांघेतल्या शिरेतून थेट हृदयात जाते. त्रिमितीय चित्र देणाऱ्या काही नळ्या याहून जाड असतात. छातीवर जेल लावून करतात तो टू-डी एको तिसराच.

ध्वनिलहरी दोन्हींकडे त्याच. फरक आहे तो कुठून बघायचं याचा, आणि त्यावरच बहुतेक सगळं ठरतं.

मायट्रल झडपेच्या, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या झडपेच्या, बाबतीत टीईईची जागा फार सोयीची. अन्ननलिका हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्याला मागून लागूनच असते आणि झडप त्या कप्प्याच्या तळाशी. शिरेतून वाट उजव्या कप्प्यात पोहोचते, म्हणून आधी दोन वरच्या कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र पाडायचं असतं. सुई टेकली की पडदा तंबूसारखा ताणला जातो. त्या तंबूचं टोक वर आहे की खाली हे टीईईच्या चित्राचा कोन ९० ते ११० अंशांवर फिरवला की कळतं. पुढे की मागे हे ३० ते ४५ अंशांत. झडपेपासूनची उंची ० अंशाजवळ मोजतात. ही उंची साधारण ४ ते ४.५ सेंटिमीटर हवी. कमी पडली तर क्लिप झडपेकडे वळवायला जागाच उरत नाही. छिद्र फार पुढे सरकलं, तर सुई महाधमनीला लागण्याचा धोका.

खरी परीक्षा पाकळ्या पकडताना. १२० ते १५० अंशांत क्लिपच्या दोन्ही बाह्या आणि त्यांवर टेकलेल्या दोन्ही पाकळ्या एकाच चित्रात दिसतात. क्लिप मिटल्यावर प्रत्येक पाकळी आत किती खोल गेली आहे, हे थांबून, कोन बदलून बघावंच. इथे घाई झाली आणि एखादी पाकळी निसटली, तर क्लिप दुसरीला लोंबकळत राहते आणि गळती परत येते. सोडण्यापूर्वी झडपेवरचा सरासरी दाबफरकही मोजतात. तो ५ मिमी पाऱ्याच्या वर गेला, तर झडप अरुंद झाल्याची शंका घ्यायची. आणखी एक फसगत: भुलीत रक्तदाब उतरलेला असतो, त्यामुळे गळती आहे त्यापेक्षा कमी दिसते. म्हणून दाब नेहमीच्या पातळीला आणूनच निकाल द्यावा.

टीईईची किंमत म्हणजे सहसा पूर्ण भूल, नंतर घसादुखी आणि क्वचित अन्ननलिकेला इजा. आयसीई हलक्या गुंगीतही चालतं. पण ती नळी उजव्या वरच्या कप्प्यात असताना पडदा छान दिसतो, मायट्रलच्या पाकळ्या मात्र लांब राहतात. त्या नीट दिसायला नळी पडदा ओलांडून डावीकडे न्यावी लागते. शिवाय ती सहसा एकदाच वापरायची असते, त्यामुळे खर्च वाढतो. आमच्या मते मायट्रलसाठी अन्ननलिका ठीक असेल तर टीईईच पहिलं.

ट्रायकस्पिडचं, म्हणजे उजव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या झडपेचं, गणित उलटं. ती झडप पुढच्या बाजूला, अन्ननलिकेपासून दूर. मध्ये पूर्वी बसवलेली कृत्रिम मायट्रल झडप असेल, तर ध्वनिलहरी तिला अडतात आणि तिची सावली नेमकी पाकळ्यांवर पडते. उजव्या कप्प्यातली आयसीईची नळी या झडपेच्या अगदी जवळ असते आणि वाटेत ती सावली नसते. म्हणून इथे टीईईचं चित्र अपुरं पडलं, की आयसीई जोडीला घेतात.

पेशंटला घास अडकत असेल, अन्ननलिकेचं ऑपरेशन झालं असेल किंवा यकृताच्या आजाराने तिथल्या शिरा फुगल्या असतील, तर ते ॲडमिट होतानाच सांगावं. टेबलावर घेतल्यावर कळलं तर आयसीईची तयारी हाताशी नसते.