कीवर्डच्या विषयगटांची पूर्वपीठिका

लातूर, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगर येथे बियाणे विक्रेते, शिकवणी वर्ग किंवा पर्यटन व्यावसायिक यांच्या संकेतस्थळांसाठी मजकूर लिहिणाऱ्यांचे काम आज बहुधा एका एक्सेल तक्त्यापासून सुरू होते. पहिल्या रकान्यात लोक गुगलवर टाइप करतात ते कीवर्ड, दुसऱ्यात त्यांचा विषयगट आणि तिसऱ्यात त्या गटासाठी लिहायचे पान, अशी त्याची साधारण मांडणी असते. ही पद्धत डिजिटल मार्केटिंगवाल्यांनी काढली, हा समज मात्र अर्धाच खरा आहे.

माहिती शोधण्यासाठी शब्दांची वर्गवारी करण्याचा विचार संगणकाच्याही आधी ग्रंथालयांत झाला. ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कोलन वर्गीकरणात पुस्तकाला एकाच ठरावीक कप्प्यात न टाकता त्याच्या विषयाचे निरनिराळे पैलू वेगळे करून मांडण्याची सोय होती. संगणकाच्या बाजूने हाच प्रश्न केंब्रिजमधील संशोधिका कॅरेन स्पार्क जोन्स यांनी हाताळला. वाचक एक शब्द वापरतो आणि लेखक त्याच अर्थाचा दुसरा, मग दोघांची गाठ कशी पडावी, ही त्यांची अडचण होती. आणि १९७१ मधील त्यांचे पुस्तक कीवर्डची गटवारी यंत्राकडून कशी करून घ्यावी, याच विषयावर आहे. जो शब्द मोजक्याच कागदपत्रांत येतो तो शोधासाठी अधिक मोलाचा, हे तत्त्व त्यांनी १९७२ मध्ये मांडले आणि पुढच्या शोधयंत्रांनी ते उचलले.

वेबच्या सुरुवातीच्या काळात मात्र हे सारे शहाणपण बाजूला पडले. १९९५ च्या अखेरीस आलेल्या अल्टाव्हिस्टासारख्या शोधयंत्रांचा भर पानावरील शब्द जुळवण्यावर होता. पानाच्या आतील कोडमध्ये कीवर्डची यादी देण्याची सोय होती आणि तिचा इतका गैरवापर झाला, की आपण ती यादी क्रमवारीसाठी पाहतच नाही, असे गुगलने २००९ मध्ये जाहीरपणे सांगितले. एका कीवर्डसाठी एक पान, आणि त्याच कीवर्डचे रूप थोडे बदलले की आणखी एक पान, ही सवय त्याच काळातली. ती आजही पुरती गेलेली नाही.

गटवारी व्यवहारात परत आली ती जाहिरातींच्या दारातून. गोटू या कंपनीने १९९८ मध्ये कीवर्डवर बोली लावण्याची पद्धत सुरू केली आणि २००० मध्ये गुगलची अ‍ॅडवर्ड्स ही जाहिरात सेवा आली. त्यात ज्या कीवर्डना एकच जाहिरात लागू पडते ते एका गटात ठेवावे लागत. २००२ मध्ये संगणकशास्त्रज्ञ अँड्रेई ब्रॉडर यांनी शोधांचे तीन हेतू सांगितले : माहिती मिळवणे, ठरावीक संकेतस्थळावर पोहोचणे आणि एखादा व्यवहार करणे. माझ्या मते या इतिहासातील खरे वळण हेच आहे, कारण शब्द सारखे असले तरी गरज वेगळी असू शकते, हे येथे स्पष्ट झाले.

पुढील घडामोडी भराभर झाल्या. २०११ मध्ये गुगलने क्रमवारीच्या पद्धतीत केलेल्या पांडा या बदलाने उथळ पानांच्या ढिगाऱ्यांना फटका बसला. त्याच वर्षी गुगलने शोध सांकेतिक स्वरूपात पाठवण्यास सुरुवात केली आणि वाचक कोणत्या कीवर्डने आला, हे संकेतस्थळाच्या मालकाला दिसेनासे होऊ लागले; त्यामुळे एकेका कीवर्डऐवजी पूर्ण पानाचा आणि विषयाचा हिशेब ठेवणे भाग पडले. २०१३ मध्ये हमिंगबर्ड आणि २०१५ मध्ये रँकब्रेन या बदलांनी पूर्ण प्रश्नाच्या अर्थाला महत्त्व दिले. एक मुख्य पान आणि त्याला जोडलेली उपविषयांची पाने, या रचनेला २०१७ च्या सुमारास हबस्पॉट या मार्केटिंग सॉफ्टवेअर कंपनीने टॉपिक क्लस्टर या नावाने प्रसिद्धी दिली.

मराठीत हे सारे उशिरा पोहोचले. देवनागरी १९९१ पासून युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांसाठीच्या सामाईक संगणकीय अक्षरसंचात, असली, तरी अनेक मराठी संकेतस्थळे बराच काळ स्वतःचे वेगळे फॉन्ट वापरत होती आणि त्यांवरील मजकूर शोधयंत्राला निरर्थक अक्षरांसारखा दिसे. २०१६ नंतर मोबाइल इंटरनेट स्वस्त झाले. २०१९ च्या डिसेंबरमध्ये गुगलने अर्थ समजून घेणारे बर्ट हे तंत्र सत्तरहून अधिक भाषांसाठी लागू केले, त्यांत मराठीही होती.

मराठवाड्यातील सोयाबीन घेतले, तर गटवारीतील नेमकी अडचण दिसते. ‘सोयाबीन पिवळे पडणे उपाय’ आणि ‘सोयाबीन भाव आजचा लातूर’ यांत पिकाचे नाव समान आहे म्हणून सॉफ्टवेअर दोन्ही एका गटात टाकते. वास्तविक पहिला शेतकरी पावसाळ्यात उभ्या पिकापाशी आहे आणि त्याला पिवळा मोझॅक हा रोग आहे की लोहाची कमतरता, हे ओळखायचे आहे. दुसऱ्याचा माल काढणीनंतर विक्रीला निघाला आहे. उलट ‘मोंढ्यातील भाव’, ‘बाजार समिती दर’ आणि रोमन लिपीत टाइप केलेला ‘भाव’ हे वरकरणी निराळे दिसले, तरी त्यांना एकच पान पुरते. खात्री करून घेण्याचा मार्ग सोपा आहे : दोन्ही कीवर्ड गुगलवर टाकावेत आणि पहिल्या पानावर बहुतांश तेच निकाल आले तर गट एक धरावा. मराठी कीवर्डचे मासिक शोधांचे आकडे कीवर्ड शोधून देणाऱ्या साधनांत अनेकदा शून्य किंवा अगदी तुटपुंजे दाखवले जातात, म्हणून कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर विचारले जाणारे प्रश्न टिपून ठेवणे येथे अधिक उपयोगी पडते.

२०२३ मधील नामांतरांनी या कामात आणखी एक भर घातली. जिल्ह्याची माहिती शोधणारे कोणी ‘उस्मानाबाद’ लिहितात, कोणी ‘धाराशिव’. गरज एकच असल्याने दोन्ही नावे एकाच पानावर येणे योग्य. परंतु ‘धाराशिव लेणी’ शोधणारा वाचक शहराजवळच्या प्राचीन लेण्यांकडे निघालेला असतो, आणि त्याचे पान जिल्ह्याच्या माहितीत न ठेवता तुळजापूर व नळदुर्ग यांच्यासोबत पर्यटनाच्या गटात ठेवावे लागते.