मेझोनोत (पत्नीचा निर्वाहाचा हक्क)

मेझोनोत : ज्यू धर्मशास्त्रानुसार (हलाखा) पतीने पत्नीच्या निर्वाहासाठी द्यावयाचे अन्न व त्याला जोडून येणारा खर्च. शब्दाचा मूळ अर्थ अन्न. पण वस्त्र, निवारा, भांडीकुंडी आणि औषधपाणी यांचा विचारही त्याच्याबरोबरच होतो. मराठीत ‘पोटगी’ म्हटले की मोडलेला संसार डोळ्यांपुढे येतो. मेझोनोत हा चालत्या संसारातला हक्क आहे. गेत, म्हणजे घटस्फोटाचा लेख, पत्नीच्या हाती पडला की तो साधारणतः संपतो आणि तिची केतुबाची (विवाहलेखाची) रक्कम देय होते.

या हक्काचा आधार तोराहमधील (ज्यूंचा मूळ धर्मग्रंथ) ‘निर्गम’ या पुस्तकातील 21:10 या वचनात शोधतात. दासी म्हणून आणलेल्या मुलीशी लग्न केल्यावर पुरुषाने दुसरी बायको केली, तरी पहिलीचे अन्न, वस्त्र आणि सहवास यांत कपात करू नये, असे ते वचन सांगते. दासीला जे नाकारता येत नाही ते कोणत्याच पत्नीला नाकारता येणार नाही, असा अर्थ पुढे लावला गेला. अन्नाचे कर्तव्य थेट तोराहचे की नंतरच्या आचार्यांनी घातलेले, यावर तालमूदमध्ये (ज्यू धर्मचर्चेचा ग्रंथ) मतभेद आहेत. बाराव्या शतकातील ज्यू धर्मशास्त्रकार मायमॉनिडीज ते तोराहचेच मानतो. त्याने पतीची 10 कर्तव्ये मोजली आहेत; आजारपणातील उपचार, शत्रूच्या कैदेतून सोडवणूक आणि अंत्यविधी यांचाही त्यांत समावेश होतो.

इ. स. 200 च्या सुमारास सिद्ध झालेल्या मिश्नेतील (ज्यूंच्या मौखिक कायद्याचा संग्रह) ‘केतुबोत’ या प्रकरणात या कर्तव्याचे माप ठरवून दिले आहे. पती स्वतः घरी नसेल आणि तिसऱ्याच्या हातून शिधा पोचवत असेल, तर आठवड्याला किमान (काव आणि लोग ही त्या काळची मापे) 2 काव गहू किंवा 4 काव जव, अर्धा काव डाळी-कडधान्ये, अर्धा लोग तेल आणि एक काव सुके अंजीर द्यावे. खाट, चटई, डोक्याचे वस्त्र, कमरपट्टा, दर सणाला पादत्राणे आणि वर्षाला 50 झुझ (चांदीची नाणी) किमतीचे कपडे द्यावेत. नवे कपडे पावसाळी थंडीच्या दिवसांत द्यावेत, म्हणजे उन्हाळ्यात तिला तेच विरलेले कपडे हलके पडतील. आणि जुने झालेले कपडेही तिचेच. शिवाय किरकोळ खर्चाला दर आठवड्याला चांदीचा एक मा (लहान नाणे), आपल्याकडे चोळी-बांगडीला म्हणून देत तसा. शुक्रवारी रात्री, शब्बाथच्या (साप्ताहिक विश्रांतीच्या दिवसाच्या) जेवणाला, ती पतीबरोबर बसेल. हे सारे गरिबातल्या गरिबासाठी. ऐपतदाराने आपल्या मानाप्रमाणे द्यावे, असे मिश्ना लगेच पुढे सांगते. हक्क कागदावर राहू नये म्हणून कपड्यांच्या ऋतूचाही विचार करणारी ही तरतूद या विषयातला सर्वांत लक्षणीय भाग आहे.

तालमूदमधील एका सूत्रानुसार पत्नी ‘पतीबरोबर वर चढते, खाली उतरत नाही’. श्रीमंताच्या घरी आलेल्या गरीब मुलीला सासरच्या पायरीने राहता येते आणि श्रीमंताघरच्या मुलीला माहेरची पायरी सोडावी लागत नाही.

निर्वाहाच्या मोबदल्यात पत्नीच्या श्रमाची कमाई पतीची होते. मात्र ही देवाणघेवाण तिच्या भल्यासाठी आहे, असे आचार्यांनी मानले. म्हणून ‘मला पोसू नकोस, मी तुझ्यासाठी कमावणार नाही’ असे पत्नी म्हणू शकते. पतीने उलट बाजूने तसे म्हटले तर ते ऐकले जात नाही, कारण तिची कमाई तिला पुरेलच असे नाही.

पती परदेशी गेला आणि पत्नीचे हाल सुरू झाले, तर धर्मन्यायालय (बेत दीन) त्याच्या मालमत्तेतून खर्च भागवू शकते. मध्यंतरी एखाद्याने आपणहून तिला पोसले असेल, तर त्याने आपला पैसा ‘हरणाच्या शिंगावर ठेवला’, म्हणजे तो बुडाला. तिने कर्ज काढले असेल तर ते मात्र पतीला फेडावे लागते. विधवेलाही हा हक्क राहतो : ‘माझ्या घरात राहा आणि माझ्या मालमत्तेतून पोट भर’ हे जेरुसलेम व उत्तरेकडील गालील प्रांताच्या केतुबातले वचन. दक्षिणेकडील यहूदिया प्रांतात मात्र वारसांनी केतुबाची रक्कम चुकती करेपर्यंतच ते लागू असे. वैवाहिक कर्तव्ये नाकारणारी, ‘बंडखोर’ ठरवली गेलेली पत्नी निर्वाह गमावते. ही तरतूद स्त्रीविरुद्ध सहज वापरता येण्याजोगी असल्याने ‘बंड’ कशाला म्हणायचे, यावर शतकानुशतके वाद चालला.

इस्रायलमध्ये 1959 च्या निर्वाह कायद्यानुसार पत्नीचा निर्वाह तिच्या पतीला लागू असलेल्या वैयक्तिक कायद्याने ठरतो. म्हणजे ज्यू पतीसाठी हलाखाने. दावा कुटुंब न्यायालयातही चालतो आणि रब्बींच्या (ज्यू धर्मगुरूंच्या) न्यायालयातही. नोकरी करणाऱ्या पत्नीचा पगार रकमेतून वजा धरला जातो, त्यामुळे अनेकींच्या हाती थोडेच पडते. गेत द्यायचे टाळून पत्नीला अडकवून ठेवणाऱ्या पतीवर मात्र निर्वाहाचा बोजा टाकता येतो. त्या अडकलेल्या स्त्रियांसाठी हे मोजक्या उपयोगी हत्यारांपैकी एक आहे.

कोकणातून इस्रायलला गेलेल्या मराठी भाषक बेने इस्रायल कुटुंबांना हीच व्यवस्था लागू होते. भारतात ज्यूंच्या विवाहाचा वेगळा संहिताबद्ध कायदा नाही. निर्वाहासाठी इथली ज्यू पत्नी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, 2023 च्या कलम 144 खाली (पूर्वीचे फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 125) दंडाधिकाऱ्याकडे जाऊ शकते. तिथे धर्म विचारला जात नाही, आणि घटस्फोटानंतर पुन्हा लग्न न केलेली स्त्रीही ‘पत्नी’च मानली जाते.